ड्रायव्हरची गोष्ट ड्रायव्हरने सांगावी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी मार्गदर्शन सत्रात केलेले भाषण)



या सत्रात आजवर डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतील अधिकारी अशा मान्यवरांची भाषणे झाली. यंदा कार्यकारिणीने ट्रॅव्हल्सच्या गाडीवरील ड्रायव्हरला बोलावले आणि विषय दिला, 'माझा व्यवसाय आणि माझे व्हिडिओ'. मी २४ वर्षे मोठी प्रवासी गाडी चालवीत आहे. गेली ५ वर्षे या कामाचे लहान लहान व्हिडिओ करून लोकांपुढे ठेवतो. मी काही वक्ता नाही. जे हातांनी केले आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगणार आहे.

मित्रहो, प्रवाशाला गाडी दिसते, ड्रायव्हर दिसत नाही. दिसते ती त्याची पाठ. गाडी वेळेवर पोचली तर लोक म्हणतात, "गाडी चांगली होती." अपघात झाला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक वाक्य येते, "चालकाचा ताबा सुटला." ताबा का सुटला? तो माणूस किती तास जागा होता? ब्रेकचे काम शेवटचे कधी झाले होते? याची विचारपूस क्वचितच होते. जो सांगू शकला असता तो पुष्कळदा हयात नसतो, आणि हयात असला तर त्याचे ऐकायला कोणी बसत नाही.

आपल्या राज्यातील एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. अहमदनगरला आता आपण अहिल्यानगर म्हणतो. त्या गाडीवर किसन राऊत हे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. केवटे यांनी उतारवयात त्या दिवसाच्या आठवणी लोकांना सांगितल्या, त्या छापून आल्या, म्हणून त्या प्रवासाची थोडीफार हकिगत आपल्याला कळते. यातून घ्यायचे ते एवढेच, की काम करणाऱ्याने स्वतः सांगितले तरच त्याच्या कामाची नोंद राहते. इतरांनी आपल्याविषयी लिहावे म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता या कामात सांगण्यासारखे असते तरी काय, ते पाहू.

प्रथम घाट. कशेडी, आंबेनळी, खंबाटकी, कसारा, प्रत्येक घाटाचा स्वभाव निराळा. पण जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम सगळीकडे लागू पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला की ड्रम आणि लायनर तापतात आणि तापले की त्यांची पकड जाते. पाय पॅडलवर असतो, पण गाडी ऐकत नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. काट्यावर हवेचा दाब पुरेसा दिसल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा केवळ शिष्टाचार नव्हे, रस्त्याच्या नियमांतच तसे सांगितले आहे.

दुसरी गोष्ट सरळ रस्त्याची. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. लोकांना वाटते, सरळ रस्ता म्हणजे सोपे काम. पण घाटात डोके जागे राहते, कारण दर मिनिटाला वळण असते. सरळ रस्त्यावर हातापायांना काम उरत नाही. डोळे उघडे असतात आणि मन झोपी जाते. रात्री २ ते ५ ही वेळ तर शरीर झोप मागण्याचीच. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. झोपेवर औषध एकच, ते म्हणजे झोप.

म्हणूनच कामाचे तास हा ड्रायव्हरच्या दृष्टीने पगाराइतकाच मोठा प्रश्न आहे. पूज्य बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि ते मंजूर झाले, हे आपण वाचले असेल. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. साधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विसावा, अशी त्यात तरतूद होती. तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावून घेण्यात आला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. दिवसाला ८ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. कागद असा आहे. रस्ता मात्र नेहमी कागदाप्रमाणे चालत नाही.

माझाच अनुभव सांगतो. एका मालकाच्या गाडीवर होतो. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. रात्रभर गाडी चालवून सकाळी पोचलो. दिवसा गाडी धुणे, पंक्चर काढणे, पार्सले उतरवणे यात वेळ गेला. दुपारी जेमतेम दोन तास डोळा लागला. संध्याकाळी निरोप आला की दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर आला नाही, तूच पुन्हा गाडी काढ. गाडीत चाळीसच्या आसपास माणसे बसणार होती. मी म्हणालो, "साहेब, आज माझ्याने होणार नाही." उत्तर आले, "मग उद्यापासून येऊ नकोस." मी किल्ली टेबलावर ठेवली. त्यानंतर तीन महिने घरी बसलो. मुलाची शाळेची फी थकली, घरात बोलणी झाली. पण त्या रात्री किल्ली ठेवली हे बरोबर केले, असे मला आजही वाटते.

त्या तीन महिन्यांत माझी भाची सुट्टीला आली होती. अकरावीत शिकत होती. तिने विचारले, "मामा, तुम्ही रात्रभर गाडीत नेमके करता तरी काय?" मी सांगू लागलो तशी ती म्हणाली, "थांबा, हे मोबाईलवर घेऊ या." असा पहिला व्हिडिओ तयार झाला. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी, आणि गाडी सुटण्यापूर्वी ड्रायव्हरने काय काय तपासावे याची माहिती. टायरची हवा, चाकांचे नट, स्टेपनी, वायपर, दिवे, हवेची गळती, आग विझवायची टाकी, मागचे संकटकाळी बाहेर पडण्याचे दार. एवढेच. गाणे नाही, नाटक नाही.

नंतर तिने मला अमेरिकेतील मोटारकोच ड्रायव्हरांचे व्हिडिओ दाखवले. भाषा कळली नाही, पण काम कळले. तो ड्रायव्हरही आधी गाडीभोवती फेरी मारतो, वाकून खाली पाहतो, हवेचा दाब तपासतो. भाचीने वाचून सांगितले की तिकडे ही तपासणी परवान्याच्या परीक्षेतच करून दाखवावी लागते, आणि प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरला सलग ८ तास सुटी घेतल्यानंतर १० तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. समुद्रापलीकडचा माणूस आणि मी एकच काम करतो, हे मला त्या दिवशी समजले.

व्हिडिओ करताना मी चार नियम पाळतो, ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावेत. पहिला, गाडी चालू असताना ड्रायव्हरच्या हातात मोबाईल नको. कॅमेऱ्याकडे पाहून बोलणेही नको. गाडी चालवताना हातातला मोबाईल वापरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात धरले जाते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण मी हे दंडाच्या भीतीने सांगत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. तीन सेकंद मोबाईलकडे पाहिले तर ६५ मीटरहून अधिक रस्ता आपण आंधळ्यासारखा काटला. मागे बसलेल्या माणसांनी आपल्यावर विश्वास ठेवून डोळे मिटलेले असतात. आपण डोळे मिटून कसे चालेल?

दुसरा नियम, प्रवाशाचा चेहरा त्याच्या परवानगीवाचून घ्यायचा नाही. झोपलेली माणसे, बायाबापड्या, लहान मुले तर मुळीच नाहीत. तिसरा, अपघाताचे चित्रण करायचे नाही. तेथे दोन्ही हात मदतीला हवेत. चौथा, खात्रीने माहीत आहे तेवढेच बोलायचे. मालकाची बदनामी नको आणि खोटी वाहवाही नको. आणि नोकरी सरकारी असो वा खाजगी, तेथील नियमांत चित्रण बसते की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

यातून काय साधले? पैसा म्हणाल तर नाव घेण्यासारखा नाही. पण तासांविषयीचा व्हिडिओ टाकला तेव्हा कितीतरी अनोळखी ड्रायव्हरांनी लिहिले, "दादा, आमचेही असेच आहे." एका बाईंनी लिहिले, "माझे यजमान घरी आले की दिवसा झोपतात म्हणून मी चिडत असे. आता मुलांना आवाज करू देत नाही." एका मुलाने कळवले, "शाळेच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिताना मी नुसते 'नोकरी' लिहायचो. या वर्षी 'ड्रायव्हर' लिहिले." मित्रहो, मला मिळायचे ते यात मिळाले.

झारखंडचे ट्रकचालक राजेश रवानी यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. प्रवासात ट्रकमध्ये स्वयंपाक करतानाचे त्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. पण त्यांनी त्याआधी कित्येक वर्षे ट्रक चालवला आहे, हे विसरू नका. आधी काम, मग कॅमेरा. आजकाल काही तरुण उलटे करू पाहतात. पाहणाऱ्यांचा आकडा वाढावा म्हणून एका हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवतात. त्यात आपल्या कामाचा मान नाही, अपमान आहे.

मुलींनाही एक सांगतो. जून २०२३ मध्ये सासवड-नीरा मार्गावर अर्चना आत्राम या भगिनीने एस.टी.ची प्रवासी गाडी चालवली आणि एस.टी.च्या पहिल्या महिला चालक म्हणून त्यांची बातमी झाली. ती मोबाईलवर पाहून माझी भाची म्हणाली, "मामा, आता हे फक्त तुमचेच काम राहिले नाही." तिचे म्हणणे मला आवडले. ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी शिक्षण अर्धवट सोडून येऊ नये. प्रवासी वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, बिल्ला लागतो, नजर चांगली लागते. शिकलेला ड्रायव्हर स्वतःचे तास मोजू शकतो, करार वाचू शकतो, आणि "आज माझ्याने होणार नाही" हे कायद्याचा आधार देऊन सांगू शकतो. मला तो आधार नव्हता.

जाता जाता एक विनंती. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी कष्टाचे काम केलेले आहे. कोणाचे आजोबा गिरणीत होते, कोणाची आई रुग्णालयात आया आहे, कोणाचे वडील महापालिकेत सफाईचे काम करतात. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत त्यांच्यापुढे बसावे, मोबाईल एका जागी उभा करावा आणि विचारावे, "तुमचे काम कसे असते? त्यात जोखीम कोणती? हात कसा बसला? अन्याय झाला तेव्हा काय केले?" मध्ये बोलू नये, त्यांना बोलू द्यावे. अर्ध्या तासाचे बोलणे पुरे. संस्थेने ही चित्रणे आपल्या वाचनालयात जपून ठेवावीत, असे मी कार्यकारिणीला सुचवतो. त्यांतील पहिले चित्रण माझे घ्या. मी गाडी घेऊन नव्हे, गाडी उभी करून येईन.

 जयभीम.