कायद्याच्या मापाचें रिव्हॉल्व्हर

हरिहरेश्वराच्या वाडींतील बागायतदाराला रानडुकरांसाठीं बंदूक हवी असो, वा मुंबईच्या व्यापाऱ्याला रिव्हॉल्व्हर. परवान्यावर नळीचें माप नोंदवावेंच लागतें. हें माप केवळ कारागीर ठरवीत नाहीं. चोरलेलें लष्करी काडतूस खाजगी शस्त्रांत बसूं नये, म्हणून इंग्रजी अमदानींत लष्करी मापें नागरिकांना वर्ज्य झालीं. १९५९ च्या शस्त्र-कायद्यानंतरहि तें धोरण टिकलें. म्हणूनच कानपूरच्या सरकारी कारखान्यांनीं नागरिकांसाठीं ०.३२ इंची रिव्हॉल्व्हरें घडविलीं. २०१४ मध्यें स्त्रियांच्या रक्षणार्थ ‘निर्भीक’ आलें. मिश्रधातूमुळें वजन सुमारें ५०० ग्रॅमवर आलें. माप मात्र तेंच राहिलें. किंमत तेव्हां सव्वा लाखाच्या घरांत होती! शस्त्र हलकें झालें. पण जिच्या नांवानें तें निघालें, तिच्यासाठीं परवाना व किंमत हीं दोन्हीं ओझीं तशींच राहिलीं.