मधुमेही मांजराचा घरगुती आहार



मांजर डोळे मिटून दूध पितें, ही म्हण आपण माणसांना लावतों. आज मला बोलावयाचें आहे तें खऱ्याखुऱ्या मांजराविषयीं. घरांत बसून लठ्ठ झालेल्या आणि मधुमेहानें गांठलेल्या मांजराविषयीं. मांजर सारखें पाणी पिऊं लागलें, त्याची मातीची पेटी वारंवार भिजूं लागली, भूक चांगली असून अंग झडूं लागलें, किंवा मागच्या पायांच्या टाचा टेकून तें चालूं लागलें, तर पशुवैद्याकडून त्याचें रक्त व लघवी तपासून घ्यावी. मधुमेहाचें निदान झालें, म्हणजे घरांतील मंडळींचा पहिला प्रश्न असतो : आतां याला घरीं काय करून घालावें?

मांजर हा जात्या मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या शरीराला शक्ति मिळते ती मुख्यतः प्रथिनें आणि स्निग्ध पदार्थ यांपासून. पिष्ट पचवून त्याची साखर हाताळण्याची त्याची यंत्रणा दुबळी असते. त्याला गोडीची चवहि कळत नाहीं. ती ओळखण्याचें बीजच त्याच्या ठिकाणीं निकामी झालेलें आहे, असें २००५ सालीं सिद्ध झालें. तेव्हां दूधभात, पोळी, बिस्किट हे पदार्थ मधुमेही मांजराच्या पुढ्यांतून प्रथम दूर झाले पाहिजेत.

येथपर्यंत पुष्कळांस पटतें. परंतु पुढें एक मोठी चूक होते. भात बंद केला आणि कोंबडी उकडून घातली, कीं आहार साधला, असें समजलें जातें. नुसतें मांस हा मांजराचा पूर्ण आहार नव्हे. रानांतलें मांजर उंदीर खातें, तेव्हां त्याचीं हाडें, काळीज, रक्त हें सर्वच खातें. आपण खाटकाकडून आणतों तें त्यांतील एक अंग असतें.

एक हिशेब पाहा. बिनहाडाच्या १०० ग्रॅम कोंबडींत सुमारें २०० मिलिग्रॅम स्फुरद असतें आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम. मांजराला मात्र हीं द्रव्यें जवळजवळ सारखीं, त्यांतहि कॅल्शियम किंचित् अधिक, अशीं हवीं असतात. अन्नांत कॅल्शियम नसलें, कीं शरीर तें स्वतःच्या हाडांतून काढून घेतें. हाडें ठिसूळ होतात आणि मोडतात. अंड्याच्या टरफलाच्या १ ग्रॅम बारीक पुडींत सुमारें ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. म्हणजे १ किलो मांसाला ५ ते ६ ग्रॅम पूड लागते, आणि एका अंड्याचें टरफल साधारण तेवढेंच भरतें. इतकी लहान वस्तु, पण ती वगळल्यास मांजर पंगु होऊं शकतें.

दुसरें द्रव्य टॉरीन. तें कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून अंधत्व येतें, हें १९७५ सालीं कळलें. आणि त्याच उणिवेनें हृदय फुगून निकामी होतें, हें १९८७ सालीं उघड झालें. टॉरीन पाण्यांत विरघळतें. मांस उकडून पाणी फेकून दिलें, तर तेंहि त्याबरोबर जातें. म्हणून खिमा थोड्या पाण्यांत शिजवावा, तो रस त्यांतच ठेवावा, आणि निवल्यावर पशुवैद्यानें सांगितलेलें टॉरीन व जीवनसत्त्वें तोलून मिसळावीं. अ जीवनसत्त्व मांजर गाजरापासून तयार करूं शकत नाहीं. त्यासाठीं थोडी कलेजी लागते. पण रोज कलेजीच घातल्यास त्या जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके जखडतात. कांदा व लसूण यांचा तर लेशहि नको. त्यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात.

२०१९ सालीं कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं मांजरांसाठीं छापलेल्या शंभराहून अधिक घरगुती पाककृती तपासल्या. सर्व आवश्यक द्रव्यें पुरविणारी एकहि त्यांत निघाली नाहीं. तेव्हां माझा हिशेबहि केवळ कल्पना यावी म्हणून समजावा. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व अशीं आणखीहि द्रव्यें आहेत. वृद्ध मांजराचें मूत्रपिंड बिघडलेलें असल्यास स्फुरदाचें प्रमाणच बदलावें लागतें. म्हणून आहारशास्त्र जाणणाऱ्या पशुवैद्याकडून आपल्या मांजरापुरती कृति लिहून घ्यावी आणि ती चिमटीनें नव्हे, काट्यानें मोजून पाळावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मांजर इन्शुलिनवर असतांना पिष्ट कमी केलें, तर इन्शुलिनची गरज थोड्याच दिवसांत उतरूं शकते. पूर्वीचीच मात्रा चालू राहिली, तर रक्तांतील साखर एकाएकीं खालीं जाते. मांजर झोकांड्या खातें, थरथरतें, त्याला झटके येतात, आणि तें दगावूंहि शकतें. अशा वेळीं हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळावा आणि तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. परंतु ही वेळच येऊं नये, यासाठीं अन्न बदलण्याच्या आधीं पशुवैद्यास कळवावें, बदल हळूहळू करावा, आणि त्या दिवसांत रक्तांतील साखर वरचेवर तपासावी. मांजरानें नवें अन्न नाकारलें, तर "भुकेलें कीं खाईल" असा हट्ट धरूं नये. उपासानें त्याच्या यकृतांत चरबी सांठते आणि तो विकार जीवघेणा असतो. जेवलें नाहीं, तर सुई टोंचण्यापूर्वीं पशुवैद्यास विचारावें.

ज्या घरांत मांस शिजत नाहीं, त्यांचें काय? मधुमेही मांजराकरितां बनविलेलें, पिष्ट कमी असलेलें ओलें डबाबंद अन्न मिळतें, तें अशा घरांना सोयीचें. कोरडे दाणे बहुधा टाळावे. ते बांधण्यासाठींच पिष्ट घालावें लागतें. आपल्या आचाराप्रमाणें आपण जेवावें. मांजराला मात्र त्याच्या जातीप्रमाणें जेवूं घालावें.

रोग लवकर ओळखून इन्शुलिन आणि योग्य आहार यांची जोड दिली, तर कित्येक मांजरांची साखर आटोक्यांत येऊन सुईहि सुटते. त्यानंतरहि पथ्य सोडूं नये. तो रोग पुन्हा उलटूं शकतो. मुक्या जीवाला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. म्हणून मायेला तराजूची जोड द्यावी.