कारखाना गेला, माती राहिली

जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा कॅमेरे धावले, कारण रंग दिसत होता. आज ज्याबद्दल बोलायचंय त्याला ना रंग, ना वास. मातीतले जड धातू : शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल.

आपण बसलोय वर्तकनगरात. जवळच वागळे इस्टेट, एमआयडीसीची साठच्या दशकातली पहिली वसाहत. तिथले कितीतरी कारखाने बंद झाले, जागेवर ऑफिसं आणि टॉवर आले. कारखाना हलतो, कामगार गावी जातो, पण धातू सडत नाही की विरत नाही. शिसं तर बहुतेक वरच्या काही इंचांतच चिकटून राहतं. मुलं खेळतात तीही तिथेच.

खाडीपलीकडच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातली माती हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासली. 2005 मध्ये निष्कर्ष छापून आले. किलोभर मातीत सरासरी 500 मिलिग्रॅमहून जास्त क्रोमियम. तांबं, निकेल, जस्तही चढं. आता खरं सांगायचं तर आपल्या काळ्या पाषाणातच यातले काही धातू मुळात असतात, सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारता येत नाही. म्हणून तर अंदाज नको, तपासणी हवी.

आता आपल्या घरातलं बोलतो. भंगाराच्या धंद्यात आपली किती माणसं आहेत, हे मुंब्रा, शीळ-डायघर फिरलेल्याला सांगावं लागत नाही. जुनी बॅटरी उघड्यावर फोडली की आम्ल जमिनीत मुरतं आणि शिशाची भुकटी मातीत, कपड्यांत, केसांत बसते. संध्याकाळी अब्बा घरी येतात, लेकरू धावत येऊन मांडीवर बसतं, मग तेच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. बहुतेकदा ताप नाही, उलटी नाही. पोर फक्त वर्गात मागे पडतं, चिडचिड करतं, आणि आपण म्हणतो, अभ्यासात लक्षच नाही याचं. अम्मीच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात बाळापर्यंत पोहोचतं. (सुरम्यावर वेगळं भाषण करावं लागेल. त्यातही पुष्कळदा शिसंच असतं.)

धंदा सोडा असं मी म्हणणार नाही. पोट त्यावर आहे. पण कामाचे कपडे घरात आणू नका, मुलाला उचलण्याआधी आंघोळ करा, शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

आणि एक काम तुम्हा शिकलेल्यांचं. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. संशयित जागा महापालिकेने किंवा जिल्हा प्रशासनाने शोधून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायची, लोकांच्या तक्रारीवरूनही. मग 90 दिवसांत प्राथमिक तपासणी. तेव्हा एकच जागा निवडा. तिथे पूर्वी काय चालायचं ते म्हाताऱ्या कामगारांना विचारा, फोटो काढा, साध्या मराठीत अर्ज लिहा. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या आणि तारीख नीट उमटलीय का ते तिथेच बघा.