जुन्या लॅपटॉपची मंदगती

जुना लॅपटॉप मंदावला, की यंत्रच संपले असे सर्रास मानले जाते. वस्तुतः दोष बहुधा हार्ड डिस्कमध्ये, म्हणजे फिरत्या चकतीवर माहिती साठवणाऱ्या भागात असतो आणि तिच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, तर सुरू होण्यास लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. याइतका लाभ दुसऱ्या दुरुस्तीतून क्वचितच मिळतो. मात्र तत्पूर्वी सर्व फायलींची प्रत वेगळ्या ठिकाणी घेणे अनिवार्य आहे.

मंदगतीचे दुसरे कारण म्हणजे उष्णता. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत-खालापूर परिसरात उन्हाळ्यातील धूळ पंख्याच्या जाळीत साचते, पावसाळी दमट हवेत ती घट्ट बसते, आणि आतील उष्णता बाहेर न पडल्यामुळे प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपोआप कमी करतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून सफाई करून घेणे हितावह ठरते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभागात आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करणे हा तर विनाखर्च उपाय आहे.

जुन्या लॅपटॉपबाबत प्रणालीचाही विचार करावा लागतो: विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्या लॅपटॉपवर पुढील आवृत्ती चालत नाही, त्यांच्यासाठी विनामूल्य लिनक्स प्रणाली उपलब्ध आहे आणि ती शिकवणारे मराठी पाठ आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मिळतात.

सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे. तेथे जाण्यापूर्वी लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक अवश्य लिहून घ्यावा, कारण एसएसडीचे प्रकार वेगवेगळे असतात.