बुलेटचा आवाज आणि बुलेटची ओढ

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

आज शेळ्यांचं लसीकरण नाही, बियाणं नाही आणि बँकेचे कागदही नाहीत. आज बोलायचंय फटफटीबद्दल. हा काय बायकांचा विषय झाला, असं एखादी म्हणेल. पण फटफटीचा हप्ता कोण भरतं ते आपल्याला ठाऊक आहे. रात्री अकराला ती धडधडत गल्लीतून गेली की पाळण्यातलं लेकरू कुणाला थोपटावं लागतं, तेही ठाऊक आहे.

मी दुचाकी दुरुस्तीचं काम करते. तालुक्याच्या रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. तिथं बुलेट घेऊन मुलं येतात आणि म्हणतात, “ताई, सायलेन्सर बदलून द्या, गाडीला दम आला पाहिजे.” कुणाला ‘इंदोरी’ हवा असतो, कुणाला ‘पंजाब’, तर कुणी म्हणतो आहे त्याच्याच आतली जाळी काढा. या दमाबद्दल आज सांगते.

आमच्या बचत गटात मागे सहा हजारांच्या अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं ‘गाडी दुरुस्ती’. विचारल्यावर कळलं की गाडी चांगली चालू आहे. मुलगा मित्रांबरोबर बुलेटवर कन्याकुमारीला निघालाय आणि त्याआधी त्याला सायलेन्सर बदलायचाय. “लांबच्या रस्त्याला ताकद लागते म्हणतो,” त्या मावशी म्हणाल्या. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. गटात जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते, जरा सविस्तर.

आताची 350 ची बुलेट घ्या. तिचं इंजिन 349 सीसीचं, म्हणजे पाणी प्यायच्या पावणेदोन पेल्यांएवढी जागा. त्यात एकच सिलिंडर. पेट्रोल आणि हवा आत जाते, दाबली जाते, ठिणगी पडते, भडका होतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि जळलेला वायू बाहेर फेकला जातो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत असा एक भडका. मिनिटाला चार हजार फेऱ्या धरल्या तर दर सेकंदाला तेहेतीस भडके झाले. दर वेळी झडप उघडली की तापलेला, दाबलेला वायू नळीत उसळतो. आपण ऐकतो तो हाच धमाका. म्हणजे आवाज ही ताकद नव्हे. चाकाला द्यायची ती ताकद दट्ट्याने आधीच दिलेली असते. मागून जो ओरडतो तो उरलेला वायू.

मग सायलेन्सर त्या वायूला अडवतो, म्हणून काढला की गाडी मोकळी धावेल, असं पोरांचं गणित असतं. गणित अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं.

आपल्या चुलीचं धुराडं आठवा. धुराडं अरुंद असेल तर धूर घरात कोंडतो. पण म्हणून ते वाटेल तेवढं रुंद केलं तर? धूर त्यात पसरतो, गार होतो, रेंगाळतो आणि चूल ओढ धरत नाही. इंजिनाच्या नळीचंही तसंच आहे. वायूला वेग राहिला पाहिजे.

त्यात आणखी एक गंमत आहे. वायूबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तशी ही लाटही नळी जिथं मोकळी किंवा रुंद होते तिथून परत फिरते. परतताना ती ओढ घेऊन येते. झडप मिटायच्या आत, नेमक्या वेळी ती पोचली, तर सिलिंडरमध्ये राहिलेला जळका वायू ओढून काढते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. वेळ चुकली तर जळका वायूच उलटा ढकलला जातो. झोक्याला धक्का योग्य क्षणी दिला तर झोका चढतो, अवेळी दिला तर अडखळतो, त्यातलाच प्रकार. ही वेळ ठरते नळीच्या लांबीवर, रुंदीवर आणि आतल्या कप्प्यांवर. त्यामुळे एकच सायलेन्सर सगळ्या वेगांना सारखा चांगला असूच शकत नाही. बनवणाऱ्याला कुठल्या तरी एका टप्प्याची निवड करावी लागते. काही मेकॅनिक भाऊ म्हणतात की इंजिनाला ‘मागून दाब’ लागतोच. तसं नाही. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो, त्याला लागते ती वेळेवर आलेली ओढ.

आता आकडे बघा. या 350 च्या गाडीची जास्तीत जास्त ताकद कंपनी सांगते 20.2 हॉर्सपॉवर, आणि ती मिळते 6,100 फेऱ्यांना. पण जास्तीत जास्त ओढ, म्हणजे चढावर, सामानासकट, मागे माणूस बसवून लागते ती, 27 न्यूटन मीटर, आणि ती मिळते 4,000 फेऱ्यांना. लांबच्या प्रवासात मुलगा ताशी सत्तर-ऐंशीने जाणार, तेव्हा इंजिन तीन ते चार हजारांतच फिरतं. कंपनीने सायलेन्सर या टप्प्यासाठी जुळवलेला असतो. त्याजागी मोकळी नळी लावली की कधी कधी वरच्या फेऱ्यांना एखादी हॉर्सपॉवर मिळते, पण खालची ओढ बहुधा जाते. घाटात मग गिअर खाली टाकावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. आवाज मात्र दुप्पट, म्हणून पोराला वाटतं की गाडी उडतेय.

हलका सायलेन्सर वजन कमी करतो, हे मात्र खरं आहे. आणि बुलेटची ती संथ धडधड कानाला गोड लागते, हेही खरं. मलाही लागते. फटफटी हे नावच मुळी आवाजावरून पडलंय! पण धडधड वेगळी आणि फटाके वेगळे. चालत्या गाडीचं बटण बंद-चालू करून फटाका काढतात, तेव्हा न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. त्या पेट्रोलचे पैसे आपण दिलेले असतात आणि चाकाला त्यातलं काहीच मिळत नाही. शिवाय 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-सिक्स गाड्यांमध्ये वायूच्या वाटेवर धूर शुद्ध करणारी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा लेप असतो. या फटाक्यांनी ती खराब होते. पूर्ण नळीसकट बदल केला तर ती जातेच, आणि विषारी धूर तसाच बाहेर पडतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि त्याचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. दर 10 डेसिबलला कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. 175 सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, तीही साडेसात मीटरवरून मोजलेली. तीच गाडी 100 वर गेली तर ती चौपट मोठी वाटेल, आणि आवाजाची ऊर्जा शंभर पट असेल. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. आता तुम्हीच ताडून बघा. म्हैस धारेला बसवली असताना असा धमाका झाला की ती पान्हा चोरते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं त्या मुलाचं. ताशी शंभरने जाताना हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. कन्याकुमारीचा रस्ता काही पंधरा मिनिटांचा नाही. संध्याकाळी कानात शिट्टी वाजत राहिली तर समजायचं की कानाला मार लागलाय. तो दरवेळी भरून येत नाही. पोरं म्हणतात, मोठ्या आवाजाने पुढचा ट्रकवाला सावध होतो. अरे, पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं! पुढच्या बंद काचेतल्या ड्रायव्हरला तो फार उशिरा ऐकू येतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. घरात गाडी कुणाच्या नावावर आहे? कर्ज आईच्या नावावर काढलं म्हणून आरसी बुकावर आईचं नाव असतं. मोटार वाहन कायद्यात गाडीत नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचा नियम मोडून गाडी चालवली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन तीन महिने जातं. ई-चलान येतं ते मालकाच्या मोबाइलवर. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवलाय. “पीयूसी आहे की,” असं पोरगं म्हणेल. पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही.

मावशींचा अर्ज आम्ही परत केला नाही, कारण बदलला. गाडी बघितली तर मागचं टायर गुळगुळीत झालेलं, चेन सैल, एअर फिल्टर धुळीने गच्च. फिल्टर गच्च असला तर इंजिनाला श्वासच मिळत नाही, मग मागची नळी कितीही मोकळी करा. कर्ज चार हजारांचं झालं. पोरगं थोडं फुगून बसलं होतं, पण गेलं आणि नीट परत आलं.

तुमच्या घरची गाडी एकाएकी जास्त ओरडायला लागली असेल, तर लगेच नवा सायलेन्सर घेऊ नका. इंजिनाला जिथं बेंड पाइप जोडतो तिथं काळा डाग दिसतोय का बघा. दिसला तर बहुधा गास्केट गेलंय, ते स्वस्तात बदलून मिळतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून गंजतो, कारण एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. नळी नीट तापायच्या आत गाडी बंद केली की ते पाणी आतच साचतं. खाली बारीक भोक असतं ते मातीने बुजलं असेल तर मोकळं करा, पण गाडी पूर्ण थंड झाल्यावरच. बुलेटचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, आणि लेकरं घाईने त्याच बाजूने उतरतात. पोटरी भाजलीच तर हळद नाही, टूथपेस्ट नाही. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि फोड मोठा असेल तर दवाखान्यात न्या.

सायलेन्सर बदलावाच लागला, तर त्याच मॉडेलसाठी मंजूर असलेला घ्या आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला दुकानदार का-कू करायला लागला, तर पैसे पिशवीत ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.