संग्रहाचे मोल
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



गेल्या वर्षी माझा पुतण्या अमेरिकेहून जबलपूरला आला होता. तेथील बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डे जमविण्याचा त्यास छंद आहे. कागदाच्या एका तुकड्यास हजारो डॉलर का मोजावेत, असे मी त्यास विचारले.

त्याने सांगितलेली हकिगत उद्बोधक आहे. पूर्वी ही कार्डे च्युइंगगमबरोबर मिळत. मुले ती सायकलच्या चाकात अडकवीत, आया झाडलोटीत फेकून देत. म्हणूनच जी उरली ती दुर्मिळ झाली. मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. असे चढते भाव पाहून १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येकानेच कार्डे जपली आणि कारखान्यांनीही ती अमाप छापली. त्यांतील बहुतेकांस आज कोणी विचारीत नाही. सबब आता उत्पादकच काही कार्डांच्या मोजक्या, प्रसंगी एकच प्रत काढून तीवर क्रमांक घालतात. तज्ज्ञ कडा-कोपरे तपासून दहापैकी गुण देतात. तात्पर्य, पूर्वीची दुर्मिळता काळाने घडविली, आजची छापखान्यात घडते.

हे ऐकून मी माझी जुनी वही काढली. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास आपल्याकडेही बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. मी व माझा धाकटा बंधू, म्हणजे या मुलाचे दिवंगत वडील, यांनी ती खमरियाच्या वसाहतीत हिंडून जमविली आणि कणकेच्या खळीने वहीत चिकटविली होती.

"काका, याला दहापैकी एकही गुण मिळायचा नाही," पुतण्या हसून म्हणाला. मग त्याने शेवटचे पान उलटले. तेथे बंधूच्या हातचा हिशेब होता : एका कपिलदेवास दोन मनिंदर, एक गावसकर, उधारी बाकी. पुतण्यास देवनागरी अडखळत वाचता येते. त्याने ते पान दोनदा वाचले.

"उधारी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे," मी म्हणालो, आणि वही त्यास देऊन टाकली.

मित्रहो, मुलांना संग्रह अवश्य करू द्यावा. मात्र भाव चढेल या आशेने नव्हे. त्यावर आपले नाव व साल स्वतःच्या हाताने, मराठीतून लिहावयास सांगावे. आणि बदलीच्या वेळी रद्दी काढताना प्रत्येक वहीचे शेवटचे पान एकवार पाहावे, एवढीच विनंती.