साडी-नारळ नको, सेवानियम हवेत

(बुधवार पेठेत काम करणाऱ्या स्त्री-संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या विषयाला निमंत्रणात ‘मनुष्यबळ विकास धोरण’ असं भारदस्त नाव दिलंय. ते वाचून मागे बसलेल्या एकीनं मला दारातच विचारलं, “म्हणजे आमच्या पगाराबद्दलच ना?” हो बाई, त्याबद्दलच. पगार, रजा, कामाचे तास, आजारपण, तक्रार आणि कामावरून कमी करणं. या सहा गोष्टी आपल्या संस्थेत कुणाच्या मर्जीनं चालतात की ठरलेल्या नियमानं, एवढाच हा प्रश्न आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. पूर्वी मी एका छोट्या संस्थेत होते. या गल्ल्यांतच आमचं काम चाले. धंदा करणारी एक बाई आमच्याकडे ‘पीअर’ म्हणून आली आणि अकरा वर्षं राहिली. तिनं कंडोम वाटले, आजारी बायकांना ससूनला नेलं, रात्री-अपरात्री अंधारे जिने चढली. आम्हाला बंद असलेली दारं तिच्या हाकेनं उघडत. अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटोही तिचाच. मग एका मार्चअखेरीला प्रकल्प संपला. आम्ही निरोप समारंभ केला, साडी दिली, नारळ दिला. ‘तू आमच्या घरातलीच आहेस,’ असं भाषण मीच केलं. नंतर जिन्यात तिनं मला थांबवलं. म्हणाली, “ताई, साडी चांगलीय. पण माझा फंड कुठाय?”

मला उत्तर देता आलं नाही. तिला नेमणुकीचं पत्र कधी दिलंच नव्हतं. दर महिन्याला व्हाउचरवर अंगठा घ्यायचा आणि रकमेपुढे ‘मानधन’ लिहायचं, हीच आमची पद्धत होती. त्या अकरा वर्षांतून तिच्या हाती काहीच कागद राहिला नव्हता.

हा ‘मानधन’ शब्द नीट पाहू या. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीतल्या बायकांना सरकार मानधन देत आलं. मानधन म्हटलं की ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. मग फंडही नको आणि ग्रॅच्युइटीही नको. त्याविरुद्ध बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या. अखेर २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यांना मिळतं ते मानधन या कायद्यापुरतं वेतनच आहे. त्या मोर्चांना आपण पाठिंब्याची पत्रकं काढली. आणि आपल्या कचेरीत मात्र तोच शब्द व्हाउचरवर लिहीत राहिलो.

हिशेब करून पाहा. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी होता. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सूत्र साधं आहे: दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. समजा, एका बाईचं शेवटचं वेतन ६,००० रुपये होतं आणि तिनं अकरा वर्षं काम केलं. तर होतात ३८,००० च्या वर. त्या बाईच्या मुलीच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षं त्यात निघाली असती. आम्ही साडी दिली.

तुम्ही म्हणाल, संस्थेकडे पैसा कुठे असतो? खरंय. प्रकल्पाचा पैसा हप्त्यानं येतो, तोही उशिरा. एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पात पीअर किती आणि त्यांना किती द्यायचं, हे वरूनच ठरून येतं. पण काही गोष्टी आपल्या हातात असतात. नवा प्रस्ताव लिहिताना फंड आणि ग्रॅच्युइटीची ओळ आपणच घालायची. देणाऱ्यानं ती खोडली तर ते पत्र जपून ठेवायचं आणि पुन्हा मागायचं. दोन महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी हळूहळू साठवायची. आणि हप्ता उशिरा आला तर सर्वांत कमी पगार असलेलीला सर्वांत आधी द्यायचं, हे लिहून ठेवायचं. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं, कारण चेकवर सह्या करणाऱ्यांना भाड्याच्या खोलीची फिकीर नसते.

आता या पेठेपुरते बोलू. बाहेरून आणलेली नियमावली इथे चालत नाही. ‘कामाची वेळ दहा ते सहा’ असं लिहिलं, पण वस्ती जागी होते दुपारी आणि काम खरं सुरू होतं संध्याकाळी. मग कार्यकर्ती दहाला येऊन सही करते आणि रात्री नऊपर्यंत गल्लीत असते. ते वरचे तास कुणी मोजायचे? रजांच्या यादीत सणवार असतात, पण यल्लम्माला सोडलेल्या बायकांना सौंदत्तीच्या जत्रेला जायचं असतं, ती रजा यादीत नसते. मग ती ‘न सांगता गैरहजर’ ठरते. गावी आईकडे ठेवलेलं मूल आजारी पडलं तर नेपाळ किंवा बंगालपर्यंतचा प्रवासच किती दिवसांचा!

धाडीचं काय? आपली कार्यकर्ती खोलीत माहिती देत बसलेली असताना धाड पडली तर तिच्याजवळ ओळखपत्र हवं, आणि रात्री फोन उचलणारी जबाबदार व्यक्ती कोण, वकील कोण, हेही आधी ठरलेलं हवं. कुंटणखान्यावर धाड पडते तेव्हा स्वेच्छेनं व्यवसाय करणाऱ्या बाईला अटक किंवा दंड होऊ नये, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात आहे. त्याची मराठी प्रत प्रत्येकीच्या पिशवीत असू द्या.

एचआयव्हीबद्दल तर आपणच जगाला शिकवतो. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देताना तपासणीची अट घालता येत नाही, आणि कुणाची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. पण कपाटातल्या फायलींची किल्ली आपल्याकडे कुणाजवळ असते? चहाच्या वेळी कुणाबद्दल काय बोललं जातं?

लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याच्या आधी १९९७ चा विशाखा निकाल, आणि त्यामागे राजस्थानातली भँवरीदेवी. तीही सरकारी कार्यक्रमातली ‘साथिन’ होती, मानधनावरची! या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे पगारी, बिनपगारी, स्वयंसेवी, सगळ्या येतात. दहा किंवा अधिक जण असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आपल्यातल्या कितीतरी जणी कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात. आपल्या स्वतःच्या संस्थेत ही समिती आहे का? हात वर करा. … पाहिलंत?

शेवटचा मुद्दा बढतीचा. पंधरा वर्षं पीअर राहिलेली बाई समन्वयक होत नाही, कारण जाहिरातीत ‘पदवीधर’ लिहिलेलं असतं. काल पदवी घेतलेली मुलगी तिच्यावर येते, आणि पहिले सहा महिने तिच्याकडूनच काम शिकते. कामाच्या इतक्या वर्षांना इतकी पात्रता, असा नियम करा. लिहिण्या-हिशेबाचं शिक्षण कामाच्या वेळेत द्या. सांगलीत १९९६ पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’त या बायका स्वतः संघटना चालवतात. इथे ‘सहेली संघा’तही त्यांच्याच हाती कारभार आहे. तेव्हा ‘त्यांना जमणार नाही’ हे म्हणणं आता सोडा.

काही जणी म्हणतात, “नियम आले की आपलेपणा जातो. आपण एक कुटुंब आहोत.” कुटुंबात बाईच्या कामाचा हिशेब ठेवत नाहीत, हेच तर आपण इतकी वर्षं सांगत आलो! मग संस्थेला कुटुंब म्हणताना आपल्याला काहीच कसं खटकत नाही? याच पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शेण-दगड झेलले, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. पण तो दाखला देऊन दुसऱ्या बाईकडून त्याग वसूल करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्याग ज्याचा त्यानं स्वतः करायचा असतो.

हे नियम लिहायचे कसे? सल्लागाराकडून छापील मसुदा आणू नका. तीन दुपारी सगळ्या एकत्र बसा, झाडलोट करणाऱ्या मावशींपासून संचालिकेपर्यंत. एकेक कलम मोठ्यानं वाचा. मराठीत, हिंदीत, कानडीत. जिला वाचता येत नाही तिला समजेपर्यंत पुढचं कलम घेऊ नका. ‘हे मला लागू झालं तर काय होईल?’ हे प्रत्येकीला विचारा. आणि कामावरून कमी करण्याचं कलम सर्वांत आधी घ्या: किती दिवसांची नोटीस, म्हणणं कोण ऐकणार, हातात किती पैसे मिळणार.

जिन्यातल्या त्या बाईला मी आजही उत्तर देऊ शकलेले नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपलं नेमणूकपत्र बरोबर आणा. जिच्याकडे नसेल, तिनं उद्याच मागून घ्या. आणि ते देणं जिच्या हातात आहे, तिनं मागायची वाट पाहू नका.